पडद्यावरचा हिरवा ठिपका

आज दुपारी आमच्या प्रयोगशाळेतल्या मॉनिटरवर एक हिरवा ठिपका उमटला आणि तो पाहायला मी एकटीच होते.

आम्ही लेझरचा अतिशय तीव्र झोत वायूत सोडतो. पापणी लवायच्या कितीतरी आधीच तो संपतो. होडीमागे पाण्यात उठते तशी त्याच्यामागे लाट उठते आणि तिच्यावर स्वार झालेले इलेक्ट्रॉन बोटभर अंतरात प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात. ते समोरच्या पडद्यावर आदळले की तिथे ठिपका चमकतो आणि कॅमेऱ्यातून मॉनिटरवर दिसतो. सुधीर आणि मी कित्येक वर्षं त्याची वाट पाहत होतो. गेल्या महिन्यात सुधीर कंटाळून नोकरी सोडून गेला.

मी त्याला फोन लावला. "सुधीर, दिसला रे!"

"काय दिसला?" त्याने विचारलं. मग लक्षात येऊन म्हणाला, "अच्छा, तो! छानच. मी बाहेर आहे गं, नंतर बोलू?"

"हो, हो. सावकाश."

लाट सगळ्याच इलेक्ट्रॉनना नेत नाही. काही तिथेच मागे राहतात. हे मी कितीदा शिकवलं असेल, पण मागे राहिलेल्यांचा विचार कधी केला नव्हता. आज मागे कोण राहिलं, तो की मी, तेही कळेना.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या शांताबाई दारात आल्या. "मॅडम, रडताय का?"

"नाही हो. या ना, एक गंमत दाखवते."

त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या सुधीरच्या खुर्चीत बसल्या. "दाखवा," म्हणाल्या.

मी पुन्हा झोत सोडला.