वीतभर कोरडी खाच

नागावच्या आमच्या घरी गाडीच्या शेडचं शटर असं किंचाळायचं की शेजारच्या होमस्टेतले पाहुणे सकाळच्या झोपेतून दचकून उठायचे. शेवटी अलिबागहून एका शटरवाल्याला बोलावलं. तो पाणीही न घेता मला शटर वर-खाली करायला सांगून त्याच्याजवळ कान लावून उभा राहिला. मग शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या खाचेत बोट फिरवून त्याने वास घेतला आणि हसला.

"खोबरेल घातलंत?"

आमच्याकडे केसांना, गुडघ्यांना, बिजागऱ्यांना, सगळ्याला खोबरेलच. "घरच्या नारळांचं आहे," आई ऐटीत म्हणाली.

"म्हणून तर त्याला सोडून वाळूपण जात न्हाय, आई."

रॉकेलने खाचा पुसून त्याने ग्रीस लावलं. शटर बिनआवाज वर गेलं. मी खूश झालो. आईचा मात्र चेहरा उतरला. "आता हा कामावरून आलेला मला मागच्या पडवीत कळणार कसा? चहा कधी टाकायचा?"

फडक्याने खाचेच्या वरच्या टोकाचं वीतभर ग्रीस त्याने पुसून काढलं. "एवढी कोरडी ठेवतो. पाहुणे न्हाय उठायचे, तुम्हाला कळंल."

तो पुन्हा कधी दिसला नाही. रोज संध्याकाळी शटर वर जाताना शेवटी जरासं करकरतं, आणि मी गाडी आत घेऊन उतरेपर्यंत चहातल्या आल्याचा वास शेडपर्यंत पोचलेला असतो.