समुद्रावरचं गाऱ्हाणं

जगातला प्रत्येक माणूस आज ना उद्या बोटीच्या पंख्याखाली सापडून मरणार, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. माणसं तापाने जातात, म्हातारपणाने जातात, हे मामाला ऐकीव गप्पांसारखं वाटे. इब्रामपूरला, जिथून समुद्र दिसायला डोंगर चढावा लागतो, तिथे आमचे एक पिकलेले आजोबा अंथरुणावर शांतपणे गेले. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मामाने आधी काय विचारलं असेल? "न्हंयत देंवलले नाय मां?" म्हणजे, नदीत तर उतरले नव्हते ना?

मामा फेरीबोटीवर खलाशी होता. दोर बांधायचा, फळकं खाली सोडायचं आणि उरलेला वेळ उतारूंकडे बघून हबकायचं, ही त्याची नोकरी. हबकणं त्याच्याइतकं कुणाला जमलं नाही. डोळे खोबणीतून बाहेर, एक हात छातीवर आणि तोंडात "सातेरी माये!" हेच. कोणी कठड्याला रेलला की सातेरी माये, कोणी पाण्यात पानाची पिंक टाकली की सातेरी माये. एकदा लग्नाचं वऱ्हाड चोपड्याला निघालं होतं. नवरदेव वारा खायला जरा कडेला उभा राहिला, तर मामाने त्याला मुंडावळ्यांना धरून ओढत मध्यभागी आणला. मुंडावळ्या तुटल्या, व्याही भडकले. मामा थरथरत म्हणाला, "पंख्याक न्हवरो नि सुंगट एकूच!" सुंगट म्हणजे कोळंबी. आपल्या मुलाची कोळंबीशी सोयरीक लावलेली ऐकून वरमाय वेगळीच हबकली. गोवा घटक राज्य झालं तेव्हा पेडण्याच्या बाजारात मराठी की कोकणी यावरून लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. मामाचं दोन्ही भाषांत एकच म्हणणं होतं: राज्य झालं ना, मग आता फेरीचे कठडे उंच करा!

आणि हो, मामाला पोहता येत नव्हतं. विहिरीवर आंघोळ करतानासुद्धा तो काठापासून दोन हात लांब उभा राहायचा.

अशा माणसाच्या पोटी देवाने शिल्पा घातली. देवाला थट्टा करायची हौस असते ती अशी. ही माझी मामेबहीण बी.कॉम. झाली. आता बँकेत चिकटेल म्हणून मामी पेढे कुठून आणायचे ते ठरवत होती. एके दिवशी जेवताना शिल्पाने शांतपणे सांगितलं, की मोरजीकडे एक कंपनी आलीय, ती पर्यटकांना पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली नेते, आणि मी तिथे लागलेय. मामाचा माशाच्या हुमणाचा घास हातातच राहिला.

"समुद्राखाली? आनी माथ्यावयल्यान बोट गेली म्हणजे?"

"बाबा, वर तांबडा बावटा तरंगत असतो. तो दिसला की बोटी लांबून जातात."

"खंयच्यो बोटी?"

"जगभरातल्या."

"आमच्यो नाय मगे!" मामा म्हणाला आणि पानावरून उठला.

आम्ही खूप हसलो. पण त्या घरात तेव्हा शहाणा माणूस तो एकटाच होता, हे आम्हाला कुठे ठाऊक!

मामा नुकताच निवृत्त झाला होता. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या होडीत जाऊन बसला, फुकट. अंगात दोन लाइफ जॅकेटं, एकावर एक. मांडीवर पत्र्याची बाल्दी, हातात बडवायला दांडा. शिल्पा पाण्यात उतरली की हा बावट्यावर नजर रोखून बसणार आणि ती वर येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही. मी पणजीहून रजेला आलो होतो, तेव्हा गंमत बघायला म्हणून त्याच्यासोबत गेलो. मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे.

शिल्पा पर्यटकाला घेऊन खाली गेली. खडपाजवळ, म्हणजे पाण्यातून डोकं काढलेल्या खडकाजवळ, तो बावटा डुलत होता, तांबडा, त्यावर पांढरा पट्टा. तेवढ्यात एक मच्छिमारी बोट लांबून चालली होती, तिने बावटा पाहिला आणि सरळ आमच्याकडे तोंड वळवलं! मामाने बाल्दी बडवायला घेतली. ती आणखी वेगाने यायला लागली.

आता झालं होतं काय, ते सांगतो. आमच्याकडे तांबडा बावटा म्हणजे देव. खडपावर, वडाखाली, नदीच्या तोंडाशी, जिथे बावटा तिथे कुणीतरी जागृत बसलेला, आणि त्याला नारळ दिल्याशिवाय पुढे जाणारी बोट जाळी रिकामी घेऊन परत येते. बोटीवरच्यांना वाटलं, नवं देवस्थान निघालं! त्यात मामा. डोळे विस्फारलेले, अंग कापतंय, बाल्दी बडवतोय, घसा फोडून किंचाळतोय. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जात नव्हते. त्यांनी ओळखलं, अवसर आलाय, अंगात देव संचारलाय. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभ्या असलेल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, हात जोडले. दुसऱ्याने नारळ काढला. त्या बोटीच्या पंख्याखाली आमची शिल्पा वर येत असणार!

मामाने बडवणं एकदम थांबवलं आणि तो उभा राहिला. डुलत्या होडीत हा माणूस जन्मात कधी उभा राहिला नव्हता. बाल्दी डोक्यावर धरून, देवळात देवाला गाऱ्हाणं घालताना गावकर लावतात तस्सा खडा सूर त्याने लावला:

"बा देवा म्हाराजा! पयलीं इंजिन बंद! देवाच्या म्होरयार घुरघुर खपची नाय!"

शब्द पोचला नसेल, पण सूर पोचला. इंजिन बंद झालं. तो पंखा थांबल्याची शांतता मला अजून ऐकू येते.

"बा देवा म्हाराजा! हांगा पाण्याखाला राखणदार बसला आसा!"

"होय म्हाराजा!" बोटीवरून सगळ्यांनी साद दिली.

"हेच्या माथ्यावयल्यान जो बोट न्हेयत, तेचो वंस बुडात!"

"होय म्हाराजा!"

"जो लांबसून जायत, तेका भरभरून म्हावरां दी!"

"होय म्हाराजा!"

आणि नेमके तेव्हाच बावट्याजवळ मोठाले बुडबुडे वर आले. शिल्पाच्या टाकीतली हवा ती. पण बोटीवरच्यांना वाटलं, राखणदारच उठला! त्यांनी नारळ तिथूनच भिरकावला, इंजिनाला हात न लावता वल्ह्यांनी बोट मागे रेटली, आणि पार लांब गेल्यावर भीत भीत पंखा सुरू केला. शिल्पा पर्यटकाला घेऊन वर आली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "बाबा, नारळ कुणी टाकला?" मामा होडीत मटकन बसला आणि बाल्दीत तोंड घालून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर कुठल्याही बोटीने त्या पाण्याला कंपनी होती तोवर कधी शिवलं नाही. मामाला मात्र देवाच्या नावाने खोटं बोलल्याचा धक्का बसला तो कायमचा. दर अवसेला तो काठावरून त्या पाण्यात नारळ टाकायचा आणि पुटपुटायचा, "चुकलंमाकलं पदरात घे."

पुढे कंपनी गेली, बावटा गेला. शिल्पा अंदमानला लोकांना पाण्याखाली न्यायला गेली. मामा थकला. फोनवर तो तिला फक्त एकच विचारायचा, "वर कोण बसता गो?" मागे ती शिगम्याच्या सणाला आली आणि म्हणाली, बाबांना समुद्र दाखवूया. आम्ही तिघं एका बोटीत बसलो. तांडेल तिशीतला, आम्हाला न ओळखणारा. खडप जवळ आलं तशी त्याने सुकाणू फिरवलं आणि भलामोठा वळसा घेतला.

"सरळ घे की," शिल्पा म्हणाली. "खाली कोणी नाही."

तांडेल दचकला. "बाये, तसां बोला नको! थंय राखणदार आसा. आमच्या बापाशीन बुडबुडे बगलले."

मी मामाकडे पाहिलं. आता हसेल, मला डोळा घालेल, असं वाटलं. मामाने एका हाताने डोक्यावरची टोपी काढली, दुसऱ्या हाताने शिल्पाचं मनगट घट्ट धरलं आणि त्या रिकाम्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."