फिट, आणि लग्नाचं पोलकं

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजीचा एकच शब्द मला पुरा येतो, फिट. उमरखेडला एका मुसलमान उस्तादांच्या दुकानात मी शिवण शिकलो, तिथं तो दिवसभर कानावर पडायचा. बाही खांद्यात बसली की फिट. मशीनचा पट्टा उतरला की "फिट कर." ताप उतरून कामावर गेलो की "आता फिट हायेस का?" कोणाचं लग्न जमलं तर जोडी फिट. हायस्कुलातले एक मास्तर पँट शिवायला यायचे. त्यांनी समजावलं, इंग्रजीत हे क्रियापदही आहे अन् विशेषणही. कपडा अंगाला बरोबर होणं, वस्तू आपल्या जागी बसणं, माणूस कामाला लायक असणं, सगळं त्यात येतं. उस्ताद म्हणाले, "मंग मी काय गलत बोलून राह्यलो होतो?"

छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेनंतर आमच्या लोकांत लग्नं नव्या रीतीनं लागू लागली, पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणून. माझं साठच्या आसपास ठरलं. नवरीची साडी-पोलकं वराकडून, म्हणजे पोलकं मीच शिवणार. बाईमाणसाला तेव्हा शिंपी टेप लावत नसे. मापाला जुनं पोलकं यायचं, त्यावरून कापायचं. नवरीच्या घरून तसं आलं. नवं पोलकं शिवायला मी इतके दिवस लावले की उस्ताद म्हणाले, "बस कर बाप्पा. लगन लागून जाईन, तुया टाका नाई सरनार."

मांडवात ती आली. पोलकं अंगावर लोंबत होतं, खांदे दंडावर उतरलेले. माझी आत्या बायांत बसून म्हणाली, "नवरदेव शिंपी हाय म्हन्ते, अन् नवरीले पोतं घातलं का?" बाया हसल्या. माझ्याजवळ शेत नव्हतं, हातातलं कामच होतं, अन् त्याचंच हसू झालं.

नवरी मांडवात बोलत नसते. ती मान खाली ठेवूनच बोलली, "मीनंच ढगळ सांगतलं होतं, आत्याबाई. मले तंग नाई सोसत."

घरी आल्यावर मी विचारलं, "तू कधी सांगतलं मले? माप तं तुयाच पोलक्याचं होतं."

"माया बहिनीचं होतं."

"काहून?"

"माये दोन्ही फाटके होते. माय म्हने, जवाई शिंपी हाय, त्याच्या हाती चिंध्या कशा पाठवाव? तुमी कोनाले सांगू नका."

"नाई सांगत. आन इकडं, फिट करून देतो."

"अन् आत्याबाईनं इचारलं, आता तंग कसं सोसते, तं?"

तिनं दिलं नाही. पुढचं शिवलं, तेही ढगळच शिवायला लावलं. मी चिडायचो, ती हसायची. एकदा बोललेला शब्द तिनं जन्मभर अंगावर वागवला.

आता आत्या नाही, सासू नाही, अन् यंदा तीही गेली, म्हणून सांगितलं. गावभरच्या बायांना मी फिट पोलकी शिवून दिली. तिच्या अंगाला नीट बसेल असं एकही तिनं मला शिवू दिलं नाही.