पुढची पंगत

मरोळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या एका मैत्रिणीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेला लॅपटॉप समोर आला की ती बाह्या वर सरकवते आणि आधी त्यालाच दटावते, "काय रे, काय नाटकं चाललीत तुझी?" गिऱ्हाइकाकडे नंतर बघते.

तिच्याकडे चोरीचं सॉफ्टवेअर मागायची सोय नाही. "सगळेच टाकतात गं," म्हणणाऱ्याला ती सरळ वाटेला लावते. "परवडत असेल तर विकत घे. नसेल तर हे मोफतचं वापर, लोकांनी आपणहून बनवून वाटलंय. चोरी कशाला यार?" मला तिचा धाक वाटतो आणि तो आवडतोही.

मी शिकवण्या घेतो. गेल्या महिन्यात तिने माझ्या लॅपटॉपवर ते मोफतचं टाकून दिलं आणि प्रश्नपत्रिका झकास निघायला लागल्या. ते सांगायला दुपारी गेलो, तर दुकान रिकामं आणि बाई त्याच सॉफ्टवेअरची, वापरणाऱ्यांसाठीची मदतीची पानं मराठीत लिहीत बसलेली.

"याचे पैसे कोण देतं तुला?" मी विचारलं.

तिने मान वर केली. "गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला जेवतोस, मग पुढच्या पंगतीला वाढायला उठतोस ना?"

"उठतो की. न उठून कसं चालेल?"

ती स्टुलावरून उठली, मला तिथे बसवलं आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"जेवलायस ना? मग वाढ आता."