चार यजमान, एकच चंदर

२००७ सालच्या एका शनिवारी पंचवटीत चार कुटुंबं पूजेला बसली आणि गुरुजींनी छापील यादीवरून संकल्प सुरू केला. पहिल्या पाटावर काश्यप गोत्राचा चंदर. दुसऱ्या पाटावर काश्यप गोत्राचा चंदर. खरा चंदर होता तिसऱ्यावर. एवढ्यांदा आपलंच नाव ऐकून तो बिचारा उगाच हात जोडत राहिला. चौथ्या पाटावरून चांगुणाबाई कडाडल्या, "गुरुजी, आमच्या ह्यांचं नाव सहादू हाय. हा चंदर कुठून आणला मधीच?"

यादी आली होती कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसातून. घरबसल्या इंटरनेटवर नाव-गोत्र भरायचं आणि पूजेला यायचं, अशी ती सोय. तिचा जावा प्रोग्रॅम लिहिला होता माजिदानं. जुन्या नाशकात शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या जमीलभाईंची ही थोरली. फॉर्म लिहिण्याआधी तिनं गुरुजींच्या माणसाकडून वहीभर गोत्रं उतरवून घेतली होती आणि ती भरद्वाज, कौंडिण्य असं खणखणीत म्हणून दाखवायची.

तिचे सीनियर भारत सर 'ॲक्च्युअली' लावल्याशिवाय चहासुद्धा मागत नसत. त्याच दुपारी गुरुजींची तक्रार ऑफिसात पोचली, तेव्हा तेच आधी बोलले.

"ॲक्च्युअली मॅडम, हिला गोत्र काय कळणार? त्यांच्यात नसतंच ना ते. सोमवारपासून हिला दुसरं काम देऊ."

"गोत्र सर्व्हरला तरी कुठं कळतं, सर?" माजिदा म्हणाली.

"माजिदा, आवाज!" मालकीणबाई मंजुषा मॅडम म्हणाल्या.

"आवाज बरोबर आहे, मॅडम. फाइल चुकलीय."

तिनं सेटिंगची फाइल उघडली. फॉर्मपुढे तिनं 'सेशन' असा स्कोप लिहिला होता, म्हणजे साइटवर येईल त्या प्रत्येकाला आपापला कोरा फॉर्म. तो शब्दच गायब होता. तो नसला की प्रोग्रॅम एकच फॉर्म करतो आणि तोच सगळ्यांपुढे सरकवतो. शेवटी लिहील त्याचं नाव उरतं.

"हे कुणी काढलं?"

"ॲक्च्युअली, त्या शब्दानं सर्व्हर उठत नव्हता, सुरूच होत नव्हता."

"उठणार नाहीच. उठताना समोर माणूस नसतो, मग कुणाचा फॉर्म देणार? मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, उभा करावा लागतो. माणूस आला की तो त्याचा त्याचा फॉर्म काढून देतो. ती ओळ राहिली, ही माझी चूक. शब्द काढला, ही तुमची. गोत्राची चूक कुणाचीच नाही."

मग तिनं दोघांना दोन कॉम्प्युटरवर बसवलं. मॅडमनी नाव भरलं, मागून सरांनी भरलं, आणि मॅडमनी प्रिंट दाबली.

"अगंबाई! भारत, मी तू झाले की!"

माजिदानं शब्द घातला, ओळ घातली. सर्व्हर उठला. पुन्हा भरलं, तर मॅडम मॅडमच निघाल्या.

"ॲक्च्युअली, गुरुजींना 'टेक्निकल प्रॉब्लेम' एवढंच सांगू," सर पुटपुटले.

माजिदानं तोवर फोन लावलाही होता, स्पीकरवर. "गुरुजी, चूक आमच्या ऑफिसची. दुरुस्त केलीय. फॉर्म मीच लिहिलाय आणि पुढेही मीच लिहिणार."



"आपलं नाव, ताई?" गुरुजींनी विचारलं.

"माजिदा."

पलीकडे घंटा वाजत होती.

"बरं, माजिदाताई. गोत्र माहीत नसलं की लोक काश्यपच सांगतात. मग रकाना रिकामा राहिला तर आपोआप काश्यप पडेल का?"

"नाही पडणार, गुरुजी. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या नावापुढे मी काहीच पडू देणार नाही."

"मग विचारायची सोय करा. अजून चार गोष्टी आहेत, लिहून घेताय ना?"

"सोमवारी सकाळी येते तिकडेच," माजिदा म्हणाली आणि सरांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "आत्ता तेवढ्या सांगा, लिहून घेते."