शेवटची सोळा पानं

चाळीस वर्षं आमच्या वाचनालयाचा बाइंडर खिडकीखालच्या स्टुलावर बसून पुस्तकं शिवत आला. त्याच्या सदऱ्यालाही खळीचा वास येई. त्या शनिवारी मात्र तो कपाटांमधून नुसत्या येरझारा घालत होता.

आम्ही सातजण टेबलाभोवती पेटलो होतो. आमच्या लाडक्या कादंबरीवर सिनेमा आला होता. पुस्तकात शेवटी नायिका बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहते, बस्स. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावर मी डायरीत अख्खं पान लिहिलं होतं. सिनेमात ती बॅग खाली ठेवते, आत जाते आणि नवऱ्यासाठी चहा टाकते.

"चहा!" निवृत्त मुख्याध्यापिका कडाडल्या. "पार चोथा केला मेल्याने!"

"साखर किती घातली, दाखवलं का?" औषधवाल्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो."

दिग्दर्शकाला पाठवायचं पत्र मी लिहिलं होतं. सह्या झाल्या. पाकीट चिकटवायला मी बाइंडरकडे खळ मागितली. तो जागचा हलेना.

"बाई, नका पाठवू. सिनेमा बरोबर आहे."

त्याने पिशवीतून पिवळी पडलेली सोळा पानं काढली. तीस वर्षांपूर्वी कादंबरी उसवून पुन्हा शिवताना शेवटचा फर्मा, म्हणजे हा सोळा पानांचा गठ्ठा, टेबलामागे पडला होता. सापडला तोवर पुस्तक वाचायला गेलेलं. आधीचं पान नेमकं वाक्य संपवून थांबलेलं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. दुसरी प्रत गावात नव्हती.

"आधी नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. आणि मग तुम्ही सगळे त्या शेवटाचं इतकं कौतुक करायला लागलात..."

मुख्याध्यापिकांनी उभ्याउभ्याच पानं वाचली. चहा होता. साखरसुद्धा होती.

"ठेवून द्या ही," त्या म्हणाल्या. "आमचं पुस्तक आहे तसंच राहू दे."

"मला रागवा तरी!"

कोणी रागावेना. "अहो, लेखकापेक्षा बरा शेवट केलात तुम्ही," औषधवाला म्हणाला आणि सगळे हसले.

बाइंडर हसला नाही. त्याने कपाटातून कादंबरी आणली, स्टुलावर बसला आणि आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत सुरीने टाके कापलेसुद्धा. सोळा पानं मागे लावून त्याने सुई घेतली. दोरा तीनदा नेढ्याबाहेरून गेला.

शेवटी मीच ओवून दिला.