मानाचा नारळ

मंडळी, आज सकाळी आमच्या विद्यापीठाच्या मेंटेनन्स यार्डात सुधारणेच्या कामाचं भूमिपूजन झालं. मी तिथं इलेक्ट्रिशियन हाय.

नारळ कुणी फोडायचा? साहेब म्हणाले, "मान आनंदा मामांचा."

मामा आमचे सुतार, यार्डातले सगळ्यात जुने. गडी फुलून गेला. फेटा बांधला, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. जेसीबीच्या ड्रायव्हरलाही स्वतः नेऊन दिलं.

ड्रायव्हरनं खोबरं खाल्लं आणि जेसीबी सरळ मामांच्या सुतारखान्यावर घातला.

मामा ओरडत धावले, "अवो, माझी हत्यारं हायत आत!"

साहेब म्हणाले, "नव्या प्लॅनमध्ये सुतारखाना नाही, मामा. इथं पार्किंग होणार."

"मला कुणी सांगितलंच न्हाय!"

"आता कशाला बोंब मारताय? नारळ तुम्हीच फोडलाय की!"

सगळे खदाखदा हसले. तोंडात अजून मामांनी दिलेलंच खोबरं होतं.

दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर नारळ फोडणाऱ्या मामांचा फोटो आला. खाली लिहिलंय, 'कर्मचाऱ्यांच्या हस्ते शुभारंभ.' त्यावर अभिनंदन अजून चालूच हाय.

खरं सांगा, असा मान तुम्हाला मिळाला, तर जेसीबी कुठं जाणार हे तुम्ही आधी विचारलं असतं काय?